वाचन कीं पाठांतर ?

गेल्या श्रावणांतील गोष्ट. सायंकाळीं देवापाशीं दिवा लागला होता आणि घरांतील सारी मंडळी बाहेरच्या खोलींत बसली होती. आमचा साडेपांच वर्षांचा नातू आपलें चित्रांचें पुस्तक घेऊन आला व मोठ्या ऐटीनें वाचूं लागला. पानामागून पान तो खडाखड वाचीत चालला. एका अक्षरास अडला नाहीं. त्याच्या आईच्या मुद्रेवर धन्यता दिसत होती, आणि आजीनें तर दृष्ट काढण्याची भाषा सुरू केली. मला काय वाटलें कोण जाणे, मीं एका पानावरचें चित्र तळहातानें झांकलें व म्हटलें, "बाळ, आतां हें वाच पाहूं." चिरंजीव स्तब्ध झाले. त्यांनीं माझ्या हाताकडे पाहिलें, आजीकडे पाहिलें, आणि शेवटीं म्हणाले, "आजोबा, हात काढा ना, मग येतं मला !" सगळीं हंसलीं. त्यास वाचतां येत नव्हतें. आईच्या तोंडून पुनःपुन्हां ऐकून सबंध पुस्तक त्याला पाठ झालें होतें, व चित्र दिसलें कीं त्या पानाचे शब्द त्याला आठवत होते.

गोष्ट हंसण्यासारखीच होती. साडेपांच वर्षांच्या मुलानें असें करावें यांत वावगें कांहींच नाहीं. किंबहुना पुस्तकावर त्याचें मन जडल्याचें तें चिन्ह आहे. परंतु मला मात्र हंसूं आलें नाहीं. सुमारें पस्तीस वर्षांपूर्वीं माझ्या वर्गांत बसणारा एक मुलगा त्या क्षणीं माझ्या डोळ्यांपुढें उभा राहिला.

त्या वेळीं मी एका तालुक्याच्या गांवीं तिसरीच्या वर्गास शिकवीत होतों. या मुलाचा आवाज खणखणीत व उच्चार स्वच्छ. तपासणीसाठीं साहेब आले कीं मी त्यालाच उभा करीत असें. पुस्तक हातांत धरून तो धड्यामागून धडा म्हणून दाखवी. साहेब संतुष्ट होत, मीही संतुष्ट होत असें. एके दिवशीं मीं फळ्यावर सहलीची सूचना लिहिली आणि ती वर्गास वाचून दाखविण्यास त्याला सांगितलें. तो उभा राहिला, फळ्याकडे पाहत राहिला. पण त्याच्या तोंडून शब्द उमटेना. 'सहल' हा तीन अक्षरांचा शब्द, त्याला ना काना ना मात्रा. तोही त्याला लागेना. मला वाटलें, मुलगा चेष्टा करीत आहे. साऱ्या वर्गादेखत मी त्याला नाहीं नाहीं तें बोललों. 'ढोंगी' हा शब्द मीं वापरला, हें मला आजही स्पष्ट आठवतें. त्यानंतर तो मागच्या रांगेंत बसूं लागला, आणि वर्ष संपल्यावर बापानें त्याला शाळेंतून काढून दुकानांत बसविलें.

ढोंगी तो नव्हता. तो वाचीत नसून पाठ म्हणत आहे, हें ज्याच्या ध्यानीं सर्वांआधीं यावयास हवें होतें तो मी त्याच्या खणखणीत आवाजावर भुललों होतों. हा दोष पदरीं बांधून घेऊनच पुढील चार शब्द मी लिहीत आहें.

हा प्रश्न एका मुलाचा किंवा एका शाळेचा नाहीं. 'प्रथम' या संस्थेच्या पुढाकारानें २००५ पासून ग्रामीण भारतांतील मुलांच्या वाचनाची पाहणी होत आली आहे. 'असर' या नांवानें ती प्रसिद्ध आहे. इयत्ता पांचवींतील सुमारें निम्म्या मुलांस दुसरीच्या पुस्तकांतील मजकूरही नीट वाचतां येत नाहीं, असें तींत वारंवार आढळून आलें आहे. "आमच्यासारख्या शिकलेल्या घरांत असें व्हावयाचें नाहीं," असें कोणी म्हणेल. तर माझा अनुभव उलट आहे. शिकलेल्या घरांतील मुलाच्या कानांवर शब्द पुष्कळ पडलेले असतात, त्याची स्मरणशक्ति स्तोत्रांनीं व गोष्टींनीं कसलेली असते, आणि म्हणूनच वाचतां न येणें त्यास अधिक सहज झांकतां येतें. कौतुकाच्या भरांत तें कोणाच्या लक्षांतही येत नाहीं.

मग वाचणें म्हणजे तरी काय ? गफ आणि टनमर या दोन अभ्यासकांनीं १९८६ सालीं याचें एक सुटसुटीत गणित मांडलें. अक्षरांवरून शब्द ओळखण्याची शक्ति आणि ऐकलेल्या भाषेचा अर्थ समजण्याची शक्ति, या दोहोंचा गुणाकार म्हणजे वाचन. बेरीज नव्हे, गुणाकार. दोहोंपैकीं एक शून्य असली कीं फळ शून्यच. माझ्या नातवापाशीं अर्थ आहे, अक्षर नाहीं. उलट, न समजणारा मजकूर भराभर वाचणाऱ्या मुलापाशीं अक्षर आहे, अर्थ नाहीं. आपल्याकडील प्राचीनांसही हें अवगत होतें. पाणिनीय शिक्षेंत अधम पाठकाचे सहा प्रकार सांगितले आहेत. त्यांत गाणें म्हटल्याप्रमाणें वाचणारा, घाईनें वाचणारा व मान डोलवीत वाचणारा यांच्या पंक्तीस अर्थ न जाणतां वाचणाराही बसविला आहे. आपल्या शाळांतून एका सुरांत हेल काढून जें 'वाचन' चालतें, तें ऐकून शिक्षाकारांनीं काय म्हटलें असतें, याची कल्पनाच केलेली बरी.

आतां अक्षरांकडे वळूं. जुन्या पंतोजींच्या शाळेंत धूळपाटीवर ओनामा काढून विद्येस आरंभ होई, आणि मुळाक्षरांनंतर बाराखडीची संथा चाले. आपल्या या लिपीस मराठींत 'बाळबोध' असें गोड नांव आहे. तरीही बाळांना तिचा बोध होण्यास वेळ लागतो, आणि त्याचीं कारणें घरांतील वडील माणसांनीं समजून घेतलीं पाहिजेत.

पहिलें कारण क्रमाचें. आपली वर्णमाला कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य अशा उच्चारस्थानांच्या क्रमानें लाविलेली आहे. शास्त्र म्हणून तिच्या तोडीची मांडणी विरळा. परंतु शास्त्राचा क्रम हा शिकण्याचा क्रम असलाच पाहिजे असें नाहीं. पहिल्याच ओळीच्या शेवटीं 'ङ' येतो. हें अक्षर मुलास मराठी शब्दांत सुटें असें कधीं भेटावयाचेंच नाहीं. याउलट ग, म, भ, न हीं चार अक्षरें घ्या. वळणें सोपीं, आणि चारच अक्षरांत मन, मग, नभ, नमन, गगन एवढे शब्द तयार. त्यांस एक काना मिळाला कीं मामा, नाना, नाग, मान, भाग, नाम हे आलेच. चार अक्षरें व एक काना एवढ्या भांडवलावर मूल पहिल्या पंधरवड्यांतच खरा शब्द वाचूं शकतें. "मला वाचतां आलें" हा आनंद त्याला छत्तीस अक्षरें घोकून होईपर्यंत वाट पाहावयास लावून कां द्यावा ? वर्णमाला अवश्य पाठ करवावी. ती पुढें शब्दकोश पाहतांना व व्याकरण शिकतांना उपयोगीं पडेल. मात्र तें पाठांतर झालें, वाचन नव्हे, हें विसरूं नये.

दुसरें कारण बाराखडीचें. 'क' पासून 'ज्ञ' पर्यंत छत्तीस अक्षरें, व प्रत्येकाचीं बारा रूपें. म्हणजे चारशें बत्तीस आकृति झाल्या. त्या सुट्या सुट्या घोकावयाच्या म्हटल्या तर मोठा माणूसही हात टेकील. वस्तुतः मुलास शिकावयाचीं असतात तीं छत्तीस अक्षरें आणि अकरा चिन्हें. 'का' म्हणजे 'क' आणि काना; तोच काना 'म' ला लागला कीं 'मा'; हें मर्म एकदां उमगलें कीं चारशें बत्तिसांचें ओझें सत्तेचाळिसांवर येतें. म्हणून 'का कि की कु' ही आडवी बाराखडी म्हणवितांना 'का मा ना गा' ही उभी बाराखडीही म्हणवावी. आडवींत मूल तालावर वाहून जातें. उभींत त्याला चिन्हाकडे पाहावें लागतें.

तिसरें कारण फारसें कोणी सांगत नाहीं. संस्कृतांत 'राम' शब्दाच्या शेवटचा अकार उच्चारला जातो. मराठींत तो गळतो व आपण 'राम्' असें म्हणतों. 'करवत' लिहितों, पण 'कर्वत्' म्हणतों. मूल मात्र 'क', 'म', 'ळ' हीं अक्षरें पुऱ्या अकारासह सुटीं सुटीं उच्चारतें, आणि त्या तीन आवाजांतून 'कमळ' हा ओळखीचा शब्द त्याला ऐकूंच येत नाहीं. मग तें वरच्या चित्राकडे पाहतें. अशा वेळीं "अरे, एवढें कसें कळत नाहीं !" म्हणून डाफरूं नये. त्याचींच अक्षरें आपण आधीं सावकाश, मग जरा लगबगीनें, मग एका दमांत म्हणून दाखवावीं. शब्द जुळल्याबरोबर मुलाचा चेहरा उजळतो.

चौथें कारण चिन्हांच्या जागेचें. 'दि' मध्यें वेलांटी आधीं दिसते, पण इकार ऐकूं येतो मागाहून. हिंदीच्या वाचकांवर झालेल्या व २००२ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत, असे शब्द वाचण्यास वेळ अधिक लागतो असें दिसून आलें आहे. 'र' तर बहुरूपीच आहे : 'सूर्य' मध्यें तो डोक्यावर चढतो, 'चक्र' मध्यें पायाशीं जातो, 'राष्ट्र' मध्यें निराळा आणि 'वाऱ्या' मध्यें आणखी निराळा. अनुस्वार 'अंक' शब्दांत एक बोलतो, 'आंबा' शब्दांत दुसरें, आणि 'सिंह' शब्दांत तिसरेंच. 'जग' म्हणजे विश्व आणि 'जग' म्हणजे जिवंत राहा. अक्षरें तींच, उच्चार दोन. गुरांचा 'चारा' आणि संख्येचा 'चार' यांतील 'च' एक नव्हे. हें सर्व आपल्या अंगवळणीं पडलेलें असल्यामुळें आपणांस दिसत नाहीं. मुलाची वाट किती चढणीची आहे हें ज्याला दिसलें, त्याचा हात मुलावर सहसा उगारला जात नाहीं.

आतां घरांत करावयाचें काय ? सुदैवानें त्यासाठीं खर्चाचीं साधनें लागत नाहींत.

अक्षराआधीं कान तयार करावा. आपल्याकडील भेंड्यांचा खेळ हेंच करतो : शेवटचें अक्षर वेगळें काढावयाचें आणि त्यावरून नवें पद शोधावयाचें. शब्दांतील अक्षरें उलटींपालटीं करून 'च'च्या भाषेंत बोलणारीं मुलें पाहा; त्यांना शब्दाचे तुकडे करतां येतात. ज्याला कानानें शब्द फोडतां आला, त्याला डोळ्यांनीं तो जोडणें सोपें जातें. "आज 'म' पासून सुरू होणाऱ्या वस्तु सांगा," असें म्हणावयाचा अवकाश, कीं स्वयंपाकघरांतून मीठ, मिरची, मोहरी, मेथी आपोआप बाहेर पडतात.

मग हात तयार करावा. माँटेसरीबाईंनीं १९०७ सालीं रोम येथें बालगृह काढलें. तेथें खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून मुलें बोट फिरवीत. त्याच विचारांची प्रेरणा घेऊन गिजुभाई बधेका यांनीं १९२० सालीं भावनगर येथें बालमंदिर उभारलें. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनीं पुढें १९४५ सालीं बोर्डी येथें बालवाडी सुरू केली, आणि आदिवासी पाड्यांतील मुलांच्या अंगणापर्यंत शिक्षण नेलें. जवळच्या खडे, पानें, बिया अशा वस्तूंतून साधनें करावीं, ही ताराबाईंची दृष्टि. आपल्या घरीं रांगोळी आहेच. परातींत ती पसरून मुलाच्या बोटानें 'ग' काढवावा आणि काढतांना तोंडानें उच्चार करवावा. पंतोजींची धूळपाटी ती हीच. मात्र छडी वगळून.

तिसरी गोष्ट, रोज पंधरा मिनिटें मुलास जवळ घेऊन वाचून दाखवावें. एकत्र कुटुंबांत हें काम आजीआजोबांखेरीज कोण करणार ? वाचतांना ओळीखालून बोट फिरवावें. मध्येंच थांबून "पुढें काय होईल ?" असें विचारावें. मुलास तें स्वतः वाचूं लागलें म्हणजे वाचून दाखविणें बंद करूं नये. त्याला अजून वाचतां न येणाऱ्या परंतु समजणाऱ्या गोष्टी त्याच्या कानीं पडत राहिल्या पाहिजेत. गुणाकारांतील दुसरी संख्या वाढते ती यामुळेंच.

चौथी गोष्ट, वाचनास कामास लावावें. गूळ, रवा, मीठ, तूर असे शब्द लिहून किराणा मालाची यादी मुलाच्या हातीं द्यावी. दिनदर्शिकेवरील वार वाचवावा, रस्त्यावरील पाट्या वाचवाव्या. येथें पाठांतराची मात्रा चालत नाहीं.

कांहीं गोष्टी मात्र कटाक्षानें टाळाव्या. "तुझी ताई तुझ्या वयाची असतांना वर्तमानपत्र वाचीत होती," हें वाक्य घरांतून हद्दपार करावें. अडलेल्या शब्दाचा पहिलें अक्षर पाहून तर्क करण्याची संवय लागूं देऊं नये. आणि इंग्रजी शाळेंत घातलें म्हणून घरीं मराठी अक्षर दाखवावयाचेंच नाहीं, ही आजकालची रीत तर मला मुळींच पटत नाहीं. ज्या भाषेंत मूल स्वप्नें पाहतें, त्या भाषेंत वाचण्याचें मर्म त्याला लवकर उमगतें, आणि तें एकदां उमगलें कीं दुसऱ्या लिपीसही कामीं येतें. शिवाय आजीच्या हातचें पत्र नातवास वाचतां येऊं नये, यासारखी दरिद्री श्रीमंती दुसरी कोणती ?

इतकें करूनही एखादें मूल मागें राहतें. सातआठ वर्षांचें झालें तरी अक्षरें विसरतें, बोलण्यांत चलाख असूनही वाचतांना घामाघूम होतें, वाचनाची वेळ आली कीं त्याचें पोट दुखूं लागतें. अशा मुलास मंद किंवा आळशी ठरवूं नये. बुद्धि उत्तम असूनही वाचनांत अडचण यावी, अशी एक अवस्था आहे; तिला डिस्लेक्सिया म्हणतात. २००७ मधील 'तारे जमीन पर' या चित्रपटानें ती पुष्कळांच्या ओळखीची झाली, व २०१६ च्या अपंगविषयक कायद्यांत तिचा समावेशही झाला आहे. डोळे व कान तपासून घ्यावे, तज्ज्ञास दाखवावें, आणि शाळेस कळवावें. लवकर ओळखल्यास रीतसर शिकवणीनें अशीं मुलें वाचूं लागतात. उशिराचें मोल मात्र त्यांनाच द्यावें लागतें.

माझ्या त्या विद्यार्थ्यास अशी अडचण होती, कीं केवळ माझी शिकवण्याची रीत चुकली होती, हें आतां कळण्यास मार्ग नाहीं. दोन वर्षांपूर्वीं कांहीं कामानिमित्त मी त्या गांवीं गेलों असतां बाजारांत एका दुकानदारानें गल्ल्यावरून उठून मला वाकून नमस्कार केला. "गुरुजी, ओळखलंत का ?" आवाजावरून ओळखलें, तो तसाच खणखणीत होता. दुकान चांगलें चालतें आहे. मालाच्या पावत्या कोण वाचतो असें मीं भीतभीतच विचारलें. "बायको पाहते," तो म्हणाला, "आणि आतां मुलगीही वाचते. तिसरीत आहे." मीं त्या दिवशींच्या शब्दाबद्दल त्याची क्षमा मागितली. तो संकोचला. थोड्या वेळानें म्हणाला, "गुरुजी, खरं सांगूं ? मला वाटायचं, सगळींच मुलं पाठ म्हणतात. वाचणं म्हणजे तेंच, असं वाटायचं. त्या दिवशीं फळ्यावरचं बाकीच्यांना आलं, तेव्हां मला पहिल्यांदा कळलं कीं हे लोक कांहीं तरी निराळंच करतात."

तीन वर्षें शाळेंत बसून त्या मुलाला वाचणें म्हणजे काय हें कोणीं सांगितलें नव्हतें, आणि तें त्याला ठाऊक नाहीं हें मला कळलें नव्हतें. निघतांना तो म्हणाला, "मुलीजवळ मी रोज बसतों. मला वाचतां येत नसलं तरी ती वाचतेय कीं पाठ म्हणतेय, तें मला बरोबर कळतं."

वाचकहो, एवढी परीक्षा आपणां सर्वांस करतां येईल. आज रात्रीं आपल्या घरांतील लहानग्यास जवळ घ्या, त्याच्या आवडत्या पुस्तकांतील चित्र हळूच झांका, आणि काय होतें तें पाहा. अडला तर हंसूं नका, त्याच्याजवळ बसा. आमच्या घरीं सध्यां परातींत रांगोळी आहे. चार अक्षरें व काना झाला आहे. परवां चिरंजीवांनीं माझा हात चित्रावर ठेवून घेतला, 'नाना' हा शब्द बोट लावून वाचला, आणि मग स्वतःच माझा हात बाजूस सारून, चित्रांत खरोखर नाना आहेत कीं नाहींत, याची खात्री करून घेतली.